शिक्षक नाही, तर जायचे कोणाकडे? जव्हार-मोखाड्याच्या पालकांसाठी

जव्हार आणि मोखाडा तालुक्यांतल्या पालकांचा एक प्रश्न दर पावसाळ्यात नव्याने उभा राहतो. शाळेत शिक्षक नाही, खोलीचे पत्रे उडाले आहेत, पोषण आहार आठवडाभर शिजलेला नाही. मग जायचे कोणाकडे? कोणी सरपंचांना गाठतो, कोणी तहसील कचेरीत अर्ज देतो, कोणी जव्हारच्या प्रकल्प कार्यालयाच्या व्हरांड्यात बसून राहतो, आणि बहुतेकांना एकच उत्तर मिळते: ‘हे आमच्याकडे येत नाही.’ हे उत्तर देणारा दर वेळी खोटेच बोलत असतो असे नाही. या दोन तालुक्यांत सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळा एकाच खात्याच्या नाहीत. एका पाड्यावर जिल्हा परिषदेची शाळा असते, पुढच्या गावात आदिवासी विकास विभागाची आश्रमशाळा, त्यापलीकडे एखाद्या संस्थेची अनुदानित आश्रमशाळा. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन झाले तेव्हा जिल्ह्याचे ठिकाण जव्हारला असावे अशी मागणी होती. ते झाले पालघर. त्यामुळे आजही मोठ्या साहेबाला भेटायचे तर दिवस मोडतो आणि मजुरी बुडते. एकदा चुकीच्या दारातून परत आलेला माणूस दुसऱ्यांदा जात नाही.

या लेखाचे म्हणणे एवढेच, की लहान शाळेचे बरेवाईट वर्गात ठरण्याआधी कागदावर ठरते. किती मुले पटावर आहेत, शाळा व्यवस्थापन समितीने काय ठराव केला, तो कोणत्या कचेरीत कोणत्या महिन्यात पोहोचला, यावर शिक्षक, खोली आणि पैसा अवलंबून असतो. हे कागद हलवण्याचा अधिकार कायद्याने पालकांना दिलेला आहे, पण तो वापरला जात नाही. कसा वापरायचा, ते पाहू.

आधी शाळा कोणाची, ते ओळखा

शाळेच्या पाटीवरच बहुधा ते लिहिलेले असते. त्यावरून दार ठरते:

- जिल्हा परिषद शाळा: आधी मुख्याध्यापक, मग केंद्रप्रमुख, मग पंचायत समितीतले गटशिक्षणाधिकारी. हे कार्यालय जव्हारला वेगळे आणि मोखाड्याला वेगळे आहे. त्यांच्यावर पालघरचे शिक्षणाधिकारी (प्राथमिक) आणि मुख्य कार्यकारी अधिकारी.
- शासकीय आश्रमशाळा: मुख्याध्यापक, राहण्याजेवण्याच्या बाबतीत अधीक्षक किंवा अधीक्षिका, त्यांच्यावर जव्हारच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे प्रकल्प अधिकारी, पुढे ठाण्याचे अपर आयुक्त आणि नाशिकचे आयुक्त.
- अनुदानित आश्रमशाळा: चालवते संस्था, पण अनुदान आदिवासी विकास विभागाचे. त्यामुळे संस्थेने ऐकले नाही तर प्रकल्प अधिकाऱ्यांकडे.
- खाजगी अनुदानित हायस्कूल: संस्था आणि पालघरचे शिक्षणाधिकारी (माध्यमिक).

‘प्रकल्प’ नावाची दोन कार्यालये आहेत, हे आणखी एक गोंधळाचे कारण. अंगणवाडीची तक्रार बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे जाते, आश्रमशाळेची आदिवासी विकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे. तहसीलदारांचा शाळेच्या रोजच्या कारभाराशी संबंध नसतो. तेथे दिलेला अर्ज फार तर ‘योग्य कार्यवाहीसाठी’ पुढे पाठवला जातो आणि त्यात महिना जातो.

पैसा कोठून येतो आणि त्यातला किती तुमच्या नजरेखाली

शाळेवरच्या खर्चाचा सर्वांत मोठा भाग शिक्षकांचा पगार असतो. तो राज्य सरकारकडून येतो आणि त्यावर गावाचा ताबा नसतो. पुस्तके, गणवेश, पोषण आहाराचा तांदूळ या गोष्टी मुलांच्या संख्येप्रमाणे येतात. समग्र शिक्षा योजनेत केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के असतो. त्यातून शाळेला दरवर्षी संयुक्त शाळा अनुदान मिळते आणि गावाने डोळ्यांत तेल घालून पाहावा असा पैसा हाच. योजनेच्या निकषानुसार ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १०,००० रुपये, ३१ ते १०० पटाला २५,००० आणि १०१ ते २५० पटाला ५०,००० रुपये मंजूर होऊ शकतात. खडू, फळा, वीजबिल, किरकोळ दुरुस्ती, सारे यातच बसवायचे आणि किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्च करायचा. रक्कम पूर्ण येतेच असे नाही आणि वेळेवर तर क्वचितच येते. शिवाय आता पैसा पीएफएमएस या संगणकीय प्रणालीतून जातो. शाळेच्या खात्यात शिल्लक दिसण्याऐवजी खर्चाची मर्यादा दिसते. त्यामुळे ‘खात्यात काहीच नाही’ हे मुख्याध्यापकांचे उत्तर तांत्रिकदृष्ट्या खरे असू शकते. तुम्ही विचारायचे ते असे: यंदा मर्यादा किती आली, खर्च किती झाला, पावत्या कोठे आहेत?

दहा हजारांत पावसाळ्यानंतरची एक भिंतसुद्धा उभी राहत नाही, हे खरेच. पण जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत आणि म्हणून येथील ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेचा ५ टक्के अबंध निधी थेट मिळतो. २०१५ पासूनच्या या योजनेत शिक्षण हा खर्चाचा मान्य विषय आहे. शाळेचे शौचालय, पाण्याची टाकी, कुंपण, स्वयंपाकाची खोली यांसाठी पंचायत समितीच्या मागे धावण्याआधी ग्रामसभेत हा विषय मांडा. रस्ता आणि समाजमंदिराच्या कामांना बोलणारे गावात पुष्कळ असतात. शाळेसाठी कोणी बोलले नाही, तर निधी तिकडेच जातो.

पट: ३० सप्टेंबरपूर्वीचे काम

शिक्षकांची पदे संचमान्यतेने ठरतात आणि संचमान्यता ठरते ३० सप्टेंबरच्या पटावरून. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० मुलांना तीन, ९१ ते १२० मुलांना चार असावे लागतात. सहावी ते आठवीसाठी प्रत्येक वर्गाला किमान एक शिक्षक आणि गणित-विज्ञान, भाषा, सामाजिक शास्त्रे या विषयांना माणूस असावा लागतो. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष बदलले आणि कमी पटाच्या शाळांतील नियमित पदांवर टांगती तलवार आली. शिक्षक संघटनांनी त्याला विरोध केला. वाद काहीही असो, एक-दोन मुलांच्या फरकाने पद टिकते किंवा जाते, ही वस्तुस्थिती आहे.

आणि येथेच तुमच्या हातातले एक काम राहून जाते. पट धरताना आधार पडताळणी झालेली मुले मोजली जातात. मुलाचे आधार नसेल, किंवा दाखल्यावरचे नाव, जन्मतारीख आणि आधारवरचा तपशील जुळत नसेल, तर मूल रोज वर्गात बसूनही हिशेबात येत नाही. मुख्याध्यापकांकडे जुलैमध्येच अशा मुलांची यादी मागा, ती समितीच्या सभेत वाचून घ्या, आणि तालुक्याला आधार शिबिर लावण्याची लेखी मागणी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे करा. मात्र आधार नाही म्हणून कोणी प्रवेश नाकारला तर ते बेकायदा आहे. वयाचा पुरावा नाही किंवा आधीच्या शाळेचा दाखला आला नाही, या कारणांनीही प्रवेश अडवता येत नाही. प्रवेश हा मुलाचा हक्क आहे, आधार हा पदाच्या हिशेबाचा भाग. या दोन गोष्टींची गल्लत कचेऱ्याही करतात.

मंजूर पदे असूनही माणूस नसतो, त्याचे कारण निराळे. या दोन तालुक्यांतल्या अनेक शाळा बदली धोरणात अवघड क्षेत्रात मोडतात. ठरावीक वर्षे काढली की शिक्षक सोप्या भागात बदली मागतो, बाहेरच्या जिल्ह्यातला असेल तर आंतरजिल्हा बदलीने घरी जातो. यात त्याला दोष देण्यात अर्थ नाही. नियम त्याला तो मार्ग देतो. अनुसूचित क्षेत्रातल्या पदांवर स्थानिक आदिवासी उमेदवार नेमण्याचा मार्ग राज्यपालांच्या अधिसूचनेने २०१४ मध्ये खुला झाला, तो या दुखण्यावरचा खरा उपाय होता. पण आंध्र प्रदेशातील अशाच आरक्षणावर सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये प्रतिकूल निकाल दिल्यानंतर महाराष्ट्रातली ही स्थानिक भरतीही वादात अडकली. तो वाद सुटेपर्यंत हत्यार एकच: शिक्षण हक्क कायद्याचे कलम २६. त्याप्रमाणे शाळेतली रिक्त पदे मंजूर पदांच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नयेत. दोन शिक्षकी शाळेत एक जागा रिकामी राहिली की ती ५० टक्के होते. अर्जात हे कलम लिहा आणि नियमित नेमणूक होईपर्यंत शेजारच्या शाळेतून शिक्षक कामगिरीवर द्यावा, अशी स्पष्ट मागणी करा. ‘शिक्षक द्या’ एवढ्या मोघम अर्जाला ‘पद रिक्त आहे’ असे तितकेच मोघम उत्तर येते.

शाळा व्यवस्थापन समिती: सहीसाठी नव्हे

प्रत्येक जिल्हा परिषद शाळेत ही समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात, अध्यक्ष पालकांमधूनच निवडला जातो आणि मुख्याध्यापक सचिव असतात. सभा दर महिन्याला व्हायला हवी. पंचायत समितीपासून मंत्रालयापर्यंतच्या साऱ्या यंत्रणेत पालकांचे बहुमत असलेली जागा ही एकच. शाळा विकास आराखडा करणे, अनुदानाचा विनियोग पाहणे, शिक्षकांची हजेरी आणि पोषण आहार यांवर लक्ष ठेवणे ही तिची कामे आहेत.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की पाड्यावरचे पालक निरक्षर, रोजंदारीवरचे. समिती कागदावरच राहणार. आक्षेप अर्धा खरा आहे. अनेक ठिकाणी इतिवृत्ताची वही अध्यक्षांच्या घरी सहीसाठी जाते आणि सभा तेवढीच होते. पण येथे लागणारे काम अक्षरांचे कमी आणि मोजणीचे जास्त आहे: किती दिवस शाळा भरली, किती दिवस जेवण शिजले, किती मुले आली. हिशेबाची अशी कामे याच पाड्यांवर बचत गटांतल्या बायका चोख करतात. लिहिण्यासाठी गावातली दहावी-बारावी झालेली मुलगी किंवा मुलगा सोबत घ्या. सभा शनिवारी किंवा बाजाराच्या आदल्या दिवशी सकाळी ठेवण्याचा आग्रह धरा, म्हणजे मजुरी बुडणार नाही. वाचून दाखवल्याशिवाय सही किंवा अंगठा देऊ नका आणि प्रत्येक ठरावाची प्रत मागून घ्या.

दुसरी भीती अधिक खोल आहे. शिक्षकाची तक्रार केली तर तो मुलांवर राग काढेल, किंवा बदली घेऊन जाईल आणि आहे तोही हातचा जाईल. ही भीती हसण्यासारखी नाही. एकशिक्षकी शाळेत पालकांची बाजू खरोखरच लंगडी असते. म्हणून व्यक्तीविरुद्ध तक्रारीपेक्षा समितीचा ठराव बरा. ठराव कोणा एकाचा नसतो आणि त्यात मागणी असते, आरोप नसतो. शिक्षकालाही त्याचा उपयोग होतो. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांशिवायची अशैक्षणिक कामे त्याच्यावर टाकता येत नाहीत. तरीही माहिती भरण्यात त्याचे दिवस जातात. समितीने याविरुद्ध ठराव दिला तर तो तुमचा विरोधक राहत नाही.

पोषण आहाराबाबत मोजायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत. पाचवीपर्यंतच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम. वाढण्याआधी जेवण चाखून नोंदवहीत लिहायचे असते. आठवड्यातून एक दिवस एका आईने जाऊन ते चाखावे, वही पाहावी. धान्य संपले असेल तर किती तारखेला संपले आणि मागणी कधी पाठवली, हे लिहून घ्या.

पाड्यावरची शाळा की आश्रमशाळा?

सरकारच्या बाजूने एक युक्तिवाद वारंवार होतो: आठ-दहा मुलांसाठी इमारत, शिक्षक, आहार चालवण्यापेक्षा मोठ्या शाळेत सोय करावी. २०१७ मध्ये राज्याने दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे १३०० शाळांचे समायोजन ठरवले होते, पुढे समूह शाळांची कल्पना आली. या युक्तिवादात तथ्य नाही असे म्हणणे प्रामाणिकपणाचे नाही. चार इयत्तांची सहा मुले एका शिक्षकासमोर बसतात, तेव्हा तेथे बरोबरीचे मूल मिळत नाही, खेळ होत नाही आणि शिक्षक आजारी पडला की शाळाच बंद. पण खर्चाचा हा हिशेब मोठ्या गावाच्या नकाशावर केलेला असतो. महाराष्ट्राच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत हवी. मोखाड्यातल्या पाड्यांना जुलैमध्ये ओहोळ आणि नद्या वेढतात, तेव्हा नकाशावरचा एक किलोमीटर पायी ओलांडता येत नाही. सहा-सात वर्षांचे मूल तेथे रोज जाणार नाही आणि न जाणाऱ्या मुलावरचा खर्च शून्य दिसतो. बचत म्हणून दाखवली जाते ती बरेचदा हीच. म्हणून भेद करा: चौथी-पाचवीपर्यंतची शाळा पाड्याजवळच राहावी यासाठी आग्रह धरा, सहावीपासून मोठ्या शाळेत जाणे मुलांच्या हिताचे ठरू शकते, पण वाहतूक भत्ता आणि बारमाही रस्ता आधी, स्थलांतर नंतर. समायोजनाची नोटीस आली तर समिती आणि ग्रामसभा, दोघांचे ठराव घ्या आणि त्यात अंतर, ओढे व पावसाळ्यातले बंद दिवस नोंदवा.

तुमच्यापैकी अनेकांनी मूल पहिलीपासूनच आश्रमशाळेत घातले आहे. कारण स्पष्ट आहे: तेथे दोन्ही वेळचे जेवण, कपडे आणि राहण्याची सोय आहे. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने बालकांचे मृत्यू झाले आणि राज्य हादरले. तेथील पालकांच्या या निवडीला कोणी नावे ठेवू नयेत. तरीही पाड्यावर चालती शाळा असेल तर पहिली काही वर्षे मूल घरी राहून शिकावे, असे सुचवावेसे वाटते. लहान मूल घरी वारली, कोकणा किंवा कातकरी बोलते आणि शाळेची मराठी त्याला नवी असते. दिवसभर परकी भाषा आणि रात्री आईही जवळ नाही, हे ओझे सहाव्या वर्षी मोठे आहे. आश्रमशाळा निवडलीच तर प्रवेशाआधी ती पाहून या: रात्री मुलींच्या वसतिगृहात अधीक्षिका मुक्कामी असते का, पाणी कोठून येते, आजारी मुलाला कोणत्या आरोग्य केंद्रात नेतात, पालकांना कोण कळवते. मूल आजारी आहे हे वेळेत न कळवणे ही गंभीर चूक आहे, तिची तक्रार थेट प्रकल्प अधिकाऱ्यांकडे करा. मारहाण किंवा छळ झाला असेल तर कोणत्याही कचेरीची वाट न पाहता १०९८ वर फोन करा आणि पोलीस ठाणे गाठा.

मूल शिकते आहे का, हे कसे ओळखायचे

राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण, असर, परख अशा पाहण्यांतून राज्याचे किंवा जिल्ह्याचे चित्र मिळते. त्या नमुना पाहण्या आहेत; तुमच्या पाड्यावरच्या शाळेबद्दल त्या काही सांगत नाहीत. यूडायसच्या संकेतस्थळावर शाळेचा ११ अंकी क्रमांक टाकला की मुले, शिक्षक, खोल्या, शौचालय यांची माहिती दिसते. ती जरूर पाहा, कारण कागदावर चालू असलेले शौचालय प्रत्यक्षात कुलूपबंद असल्याचे तेथेच पकडता येते. पण शिकण्याची खरी परीक्षा साधी आहे. तिसरीच्या मुलापुढे दुसरीचे पुस्तक ठेवा आणि न पाहिलेले पान वाचायला सांगा. हातच्याची बेरीज आणि वजाबाकी घाला. पाचवीतल्या मुलाला हे जमत नसेल, तर निकालपत्रावर कोणतीही श्रेणी असली तरी काम अडलेले आहे. ही पाहणी समितीच्या सभेत, शिक्षकांसमोर, दर तीन महिन्यांनी करा. निपुण भारत अभियानाचे उद्दिष्टही तिसरीपर्यंत वाचन आणि अंकगणित येणे हेच आहे, तेव्हा ही मागणी जगावेगळी नाही.

दिवाळीनंतर गाव सोडताना

भिवंडी, वसई, ठाण्याच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जाणाऱ्या कुटुंबांची मुले जानेवारीत शाळेबाहेर दिसतात, ही या दोन तालुक्यांची सर्वांत मोठी गळती. निघण्यापूर्वी मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी कार्ड घ्या. त्यावर मूल कोणत्या इयत्तेत आहे आणि काय शिकले आहे, याची नोंद असते. भट्टीजवळच्या शाळेला त्यावर मुलाला बसवून घ्यावेच लागते. आजी-आजोबा घरी राहत असतील तर मूल त्यांच्याजवळ ठेवून हंगामी वसतिगृहाची सोय मागता येते. ही मागणी समितीने दिवाळीच्या सुट्टीआधी द्यायला हवी. गाव रिकामे झाल्यावर मागून उपयोग नाही.

ऐकले नाही तर

अर्ज नेहमी दोन प्रतींत द्या आणि एका प्रतीवर तारीख-शिक्क्याची पोच घ्या. पोच नसलेला अर्ज दिला नाही असेच धरले जाते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे मुलाच्या हक्काबाबतची लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांत निकाली काढायची असते. नाहीतर महाराष्ट्र राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. माहिती दडवली जात असेल तर दहा रुपयांच्या शुल्कात माहिती अधिकाराचा अर्ज करा, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तेही लागत नाही. उत्तर ३० दिवसांत मिळायला हवे. आणि ग्रामसभा विसरू नका: १९९६ च्या पेसा कायद्याने सामाजिक क्षेत्रातल्या संस्था व कर्मचाऱ्यांवर नियंत्रणाचा अधिकार ग्रामसभा आणि पंचायतींना दिलेला आहे, त्यात शाळाही येते. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत झालेला शाळेचा ठराव ३० सप्टेंबरच्या पटापूर्वी पोहोचतो, २ ऑक्टोबरचा पोहोचत नाही.

या महिन्यात शाळा व्यवस्थापन समितीची सभा कोणत्या तारखेला आहे, हे उद्याच शाळेत जाऊन विचारा. तारीख ठरलेली नसेल, तर ती ठरवून मगच परत या.